सत्कार आधी, शर्यत नंतर

गोपीनाथ सकपाळांइतका वाट देणारा माणूस मी उभ्या बहरीनमध्ये पाहिला नाही. दुकानाच्या दारात, जिन्यात, मुहर्रकच्या अरुंद गल्ल्यांत, कुठेही समोरून कोणी आलं की हे आधीच अंग चोरून बाजूला. आमच्या बुसैतीनच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये लिफ्ट आली की ते समोरच्याला हाताने 'तुम्ही आधी' करत. समोरचा भिडस्त निघाला तर तोही 'नाही, तुम्ही' करी, आणि दोघांचं सौजन्य संपेपर्यंत लिफ्ट रिकामीच वर निघून जाई. मी घाईत असलो की जिन्याने जायचो.

या गुणाचा त्यांना कधी फायदा झालेला मी पाहिला नाही. तोटा मात्र सगळ्यांदेखत झाला. ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेत ते चार-पाच वेळा नापास झाले. गाडी उत्तम चालवायचे, आरशात बघायचे, हात द्यायचे, सगळं बरोबर. पण राउंडअबाउट आलं की संपलं. डावीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं हा नियम त्यांनी इतका मनावर घेतला होता की डावीकडे गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते हलत नसत. आता बहरीनच्या राउंडअबाउटवर डावीकडे गाडी दिसेनाशी व्हायची तर मोठं युद्धच व्हायला हवं. शेजारी बसलेला परीक्षक पुढे चल म्हणून आधी "यल्ला, यल्ला" म्हणे, मग "खलास" म्हणे, आणि मग स्वतःच स्टिअरिंगवर येऊन बसे.

म्हणून त्यांच्याकडे सायकल होती. काळी, उंच दांड्याची, आपल्याकडे दूधवाले वापरतात तशी. मागे रुंद कॅरिअर, खाली दोन पायांचं स्टँड, पुढे डायनमोचा दिवा, दोन्ही चाकांना मडगार्ड आणि हँडलवर घंटी. दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी बिल्डिंगच्या मागच्या सावलीत ते ती सायकल उलटी करून बसत. चेनचा एकेक दुवा फडक्याने पुसत, तेलाचे थेंब सोडत आणि चाक फिरवून कान लावून ऐकत. माझ्या बायकोचं म्हणणं असं की सकपाळांच्या घरात सर्वांत जास्त माया कोणाच्या वाट्याला येत असेल तर ती त्या चेनच्या. हे म्हणताना ती माझ्याकडे का बघायची, ते मला माहीत नाही.

गोपीनाथ मूळचे मंडणगड तालुक्यातले. आयटीआय करून मुंबईला आले, तिथून बहरीनला, आणि विमानतळाजवळच्या एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये एसी मेकॅनिक म्हणून चिकटले. मी जे सांगतोय ते ९८ सालातलं. तेव्हा त्यांची पंचेचाळिशी आली होती. घरात बायको इंदू, म्हणजे आमच्या वहिनी, आणि बारा वर्षांची मुलगी दीप्ती. दीप्ती मुहर्रकमधल्या एका खासगी इंग्रजी शाळेत सातवीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून बाहेर यायचं ते इंग्रजी. आई विचारायची, "जेवलीस काय गो?" ती म्हणायची, "आय अ‍ॅम नॉट हंग्री." असं त्यांचं संभाषण वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं.

शाळेची बस आमच्या गल्लीत येत नव्हती. त्यामुळे रोज सकाळी गोपीनाथ दीप्तीला कॅरिअरवर बसवून शाळेत सोडत आणि तसेच पुढे कामावर जात. निदान त्यांना विचारलं तर ते असंच सांगत. खरं काय ते मला ठाऊक होतं, कारण शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर खुबूसची, म्हणजे अरबी रोटीची, भट्टी आहे आणि आमच्या ऑफिसची व्हॅन मला रोज तिथूनच उचलायची. मी गरम खुबूस हातात घेऊन उभा असायचो. सकपाळांची सायकल त्या कोपऱ्यावर येऊन थांबायची. दीप्ती उडी मारून उतरायची, स्कर्ट झटकायची, इकडेतिकडे बघायची आणि एकटी चालत शाळेच्या फाटकाकडे जायची. फाटकापाशी इतर मुलींचे वडील कोरोला नाहीतर सनी गाडीतून मुलींना सोडत असायचे. ती फाटकाच्या आत जाईपर्यंत गोपीनाथ कोपऱ्यावरून बघत राहायचे. मग माझ्याकडे बघून हसायचे आणि म्हणायचे, "तिला जरा चालायला बरं असतं. व्यायाम होतो."

मी म्हणायचो, "हो ना." दुसरं काय म्हणणार?

त्या वर्षी जानेवारीच्या शेवटाला त्यांच्या वर्कशॉपचे मॅनेजर हॅरिस साहेब त्यांच्यापाशी येऊन उभे राहिले. हॅरिस साहेब इंग्लंडचे, उंच, लालबुंद, आणि फावल्या वेळात सायकलवर जीव टाकणारे. त्यांचा तिथल्या गोऱ्या लोकांचा एक क्लब होता. हा क्लब वर्षातून एकदा हौशी लोकांसाठी सायक्लोक्रॉस नावाची शर्यत ठेवायचा. ही काय भानगड असते, ते मला नंतर कळलं. साध्या शर्यतीत सायकल जाईल असा रस्ता शोधतात. सायक्लोक्रॉसमध्ये सायकल जाणार नाही अशी जागा शोधतात. वाळू, चिखल, चढ, मध्ये आडव्या फळ्या. जिथे चालवता येत नाही तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची, पळायचं आणि पुन्हा बसायचं. तासभर गोल गोल हेच करायचं. पहिला आलेला माणूस रेषा ओलांडतो तेव्हा चौकटीचा झेंडा दाखवतात. मग ज्याचे जितके फेरे झाले असतील तितके, सगळ्यांनी त्या रेषेवर थांबायचं. मी गोपीनाथांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या गावचा रस्ता असाच होता. त्याला बक्षीस कोणी ठेवलं नाय कधी."

तर हॅरिस साहेब त्यांना म्हणाले, "गोपी, तू रोज सायकल चालवतोस. ये की एकदा आमच्या शर्यतीला, मजा येईल." इंग्रज माणूस असं दिवसातून दहा जणांना म्हणतो आणि संध्याकाळी विसरून जातो. पण गोपीनाथ वीस वर्षं साहेबांच्या हाताखाली काम केलेले. साहेब म्हणाले म्हणजे ड्यूटी लागली. त्यांनी लगेच "येस सर" म्हटलं आणि कोणत्या शिफ्टला यायचं, असं विचारलं. साहेबांना तो विनोद वाटला. ते मोठ्याने हसले, आणि नाव नोंदवलं गेलं.

"तुम्ही कशाला हो म्हणालात?" मी त्यांना विचारलं.

"साहेब बोलले, जायला पायजे," ते म्हणाले. मग जरा थांबून, घंटीवर अंगठा फिरवत म्हणाले, "आणि त्या शर्यतीचा फोटो पेपरात येतो, इंग्लिश पेपरात. दीप्तीच्या शाळेत बोर्डावर कात्रणं लावतात, कोणाच्या वडलांचं काय आलं तर. एकाचे वडील बँकेत मॅनेजर झाले, ते लावलेलं. मी बघितलं कोपऱ्यावरनं."

कोपऱ्यावरून शाळेचा बोर्ड दिसत नाही. म्हणजे ते कधीतरी, शाळा सुटल्यावर, फाटकाच्या आत जाऊन आले होते. मला ते ऐकून वाईट वाटलं, आणि राग आला. राग दीप्तीचा आला. बारा वर्षांच्या पोरीचा राग धरायचा नसतो हे मला कळतं, पण आला.

इथपर्यंत प्रकरण घरगुती होतं. मग ते आमच्या मंडळाच्या कानावर गेलं.

आमचं मंडळ म्हणजे बहरीनमधली महाराष्ट्रातली बौद्ध कुटुंबं. वर्षातून दोन जयंत्या, एक सहल आणि भांडणं जमतील तशी. अध्यक्ष होते सुजीत गमरे. गमरे ऑफिसात स्टोअरकीपर होते, पण माइक हातात आला की त्यांना आवरणं मुश्कील. आणि त्यांना सत्काराचं वेड होतं. कोणाला मुलगा झाला, कोणाचा व्हिसा वाढला, कोणी सीफला नव्या झालेल्या मॉलमध्ये कामाला लागलं, की गमरे शाल घेऊन हजर. नारळ आमच्यात देत नाहीत. त्याऐवजी गमरे भिंतीवरचं घड्याळ देत. मंडळातल्या जुन्या सभासदांच्या घरी भिंती कमी आणि घड्याळं जास्त झाली होती.

त्या फेब्रुवारीत मुंबईहून एका शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी भाच्याकडे आठवडाभर आले होते. मोठा माणूस बहरीनमध्ये आलाय आणि आपण कार्यक्रम केला नाही, ही कल्पनाच गमऱ्यांना सहन होईना. त्यांनी गुरुवार संध्याकाळसाठी हॉल मिळवला. शाल आणली, घड्याळ आणलं, पुष्पगुच्छ सांगितला. कमी होती ती फक्त कर्तबगारीची. नेमकं त्या आठवड्यात कोणीच काही केलं नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी गोपीनाथांच्या शर्यतीबद्दल बोललं.

"पण शर्यत शुक्रवारी आहे, सत्कार गुरुवारी," मी बैठकीत म्हणालो.

"पाहुण्यांचं विमान शुक्रवारी सकाळी आहे," गमरे म्हणाले. "हॉल गुरुवारीच मिळतोय. एका दिवसाने काय बिघडतं? शर्यत काय पळून जाणार आहे?"

"आणि हरले तर?"

"आपण असा नकारात्मक विचार करतो, म्हणून आपला समाज मागे राहतो," गमरे म्हणाले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो. ठराव एकमताने मंजूर झाला. गोपीनाथांना विचारायचं राहिलं. ते बैठकीला उशिरा आले होते. दारात कोणाला तरी आधी आत जाऊ देत असावेत.

गुरुवारी त्रिशरण-पंचशील झालं, आणि कार्यक्रम सुरू झाला. मागे पडद्यावर कापडी फलक होता: 'आंतरराष्ट्रीय सायकलपटू मा. गोपीनाथ सकपाळ यांचा भव्य सत्कार'. गमऱ्यांनी प्रास्ताविकात "उद्याच्या त्यांच्या विजयाबद्दल" असं सांभाळून म्हटलं. पाहुण्यांनी मात्र 'उद्या' ऐकलंच नाही. ते शाल पांघरताना म्हणाले की सकपाळांनी परक्या भूमीवर गोऱ्यांना हरवून जी कामगिरी केली तिला तोड नाही. गोपीनाथ शालीतून बाहेर येत, "सर, ती अजून झालेली नाय," असं सांगू पाहत होते. पण पाहुणे बोलत होते, आणि बोलणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा गोपीनाथांचा स्वभाव. पाहुण्यांनंतर उपाध्यक्ष बोलले, मग सचिव बोलले. गोपीनाथांची पाळी येईपर्यंत ते तीन देशांना हरवून बसले होते.

मग गमऱ्यांना सुचलं. "सत्कारमूर्तींची कन्या दीप्ती आपल्या वडलांविषयी दोन शब्द बोलेल. मराठीत."

दीप्ती पहिल्या रांगेत बसली होती. तिला वहिनींनी जवळजवळ ढकलूनच पुढे पाठवलं. ती माइकसमोर उभी राहिली. तिचे ओठ हलले. बापाविषयी मराठीत सांगण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं, की असून बाहेर येत नव्हतं, मला कळलं नाही. शेवटी ती म्हणाली, "माय फादर... ही हॅज अ सायकल." आणि खाली येऊन बसली.

आमचं मंडळ टाळ्यांच्या बाबतीत उदार आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होते गोपीनाथ, मांडीवर घड्याळाचा खोका आणि डोक्यावरून खाली घसरलेली शाल घेऊन. मी त्यांच्या बाजूला बसलो होतो. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हा मला पुरतं कळलं की त्यांना गोऱ्यांना हरवायचं नव्हतं, बक्षीसही नको होतं. त्या पोरीने कोपऱ्यावर उतरू नये, एवढंच हवं होतं. आणि आम्ही घड्याळ दिलं.

शर्यत बुसैतीनच्या मागे, समुद्र बुजवून काढलेल्या मोकळ्या जमिनीवर होती. तिथे तेव्हा काहीच नव्हतं. वाळू, भरावाचे ढिगारे आणि खोलगट भागात साचलेलं खारं पाणी. दोन दिवसांपूर्वी पाऊस पडून गेल्यामुळे चिखलही झाला होता. हॅरिस साहेब त्या चिखलाकडे बघून फार खूश दिसत होते. अन्सार नावाच्या ओळखीच्या ड्रायव्हरची मिनीबस करून आमचं अख्खं मंडळ सकाळी सकाळी तिथे हजर झालं. कापडी फलक गमऱ्यांनी बरोबर आणला होता. दीप्तीने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं होतं, पण घरी एकटी कशी ठेवणार, म्हणून वहिनींनी तिला बसमध्ये बसवलंच. ती शेवटच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून आली.

बाकीचे स्पर्धक अंगाला चिकटणारे रंगीत कपडे घालून होते. त्यांच्या सायकली एका बोटावर उचलाव्यात इतक्या हलक्या. गोपीनाथ इस्त्रीच्या पँटला खाली रबर लावून, अंगात वर्कशॉपचा शर्ट घालून आले. साहेब बोलावतात तिथे युनिफॉर्म हवा. सायकल तीच, कॅरिअर, स्टँड, डायनमो, घंटीसकट.

"भाऊ, कॅरिअर आणि स्टँड तरी काढा," मी म्हणालो. "चार-पाच किलो वजन कमी होईल."

"आणि शनिवारी दीप्ती कशावर बसंल?" ते म्हणाले. काढलेलं परत बसवता येतं, हे एसी मेकॅनिकला मी काय सांगणार? मी नाद सोडला.

शिट्टी झाली. सगळे सुटले. गोपीनाथांनी आधी सगळ्यांना जाऊ दिलं, मग निघाले. कडक जमिनीच्या तुकड्यावर ते बऱ्यापैकी चालवत होते. मंडळाने "आगे बढो" सुरू केलं. मग पहिलं खारं पाणी आलं. बाकीचे लोक पाणी उडवत त्यातून घुसले. गोपीनाथ उतरले, स्टँड नीट वर आहे ना ते पाहिलं, आणि सायकल खांद्यावर घेऊन चालू लागले. पाणी संपलं, चिखल आला. सायकल खांद्यावरच. चिखल संपला, वाळू आली. तरी खांद्यावरच. आडव्या फळ्या आल्या तेव्हा त्यांना बरं वाटलं असावं, कारण तिथे बाकीचेही उतरत होते. फळ्या संपल्या, बाकीचे बसले, हे चालतच राहिले.

पहिल्या फेऱ्याला आम्हाला वाटलं की ही काही युक्ती आहे. दुसऱ्या फेऱ्याला गमरे म्हणाले की ते ताकद राखून ठेवतायत. तिसऱ्या फेऱ्याला फलकाचं एक टोक धरलेल्या माणसाने ते खाली सोडलं. मागून कोणी स्पर्धक आला की गोपीनाथ खांद्यावरच्या सायकलसकट वाटेच्या कडेला होत आणि मोकळ्या हाताने त्याला पुढे जायची खूण करत. गोरे लोक धापा टाकत "थँक यू" म्हणत जात. तिथे आलेल्या सगळ्या माणसांत सकपाळांना जितके थँक यू मिळाले तितके कोणालाच मिळाले नाहीत.

रेषेजवळ दीप्तीच्याच वयाची दोन गोरी मुलं उभी होती. त्यांच्या हसण्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. त्यातला एक दीप्तीकडे वळून म्हणाला, "हा तुझा डॅड आहे का? त्याला सायकल चालवता येत नाही का?"

दीप्तीचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात गोपीनाथ सायकल खांद्यावर घेऊन आमच्यासमोरून जायला लागले. मान एका बाजूला कलली होती, शर्ट घामाने चिकटला होता. दीप्ती दोरीच्या अलीकडून त्यांच्याबरोबर चालू लागली. रागाने तिने इंग्रजीत विचारलं, ते का चालवत नाहीत, सगळे हसतायत.

"खारं पाणी हाय गो," ते धापा टाकत म्हणाले. "चेन जाम होईल. उद्या शाळा हाय तुझी." आणि ते पुढे गेले.

दीप्ती जागीच थांबली. मी तिच्यामागे दोन हातांवर होतो. ती बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. गोऱ्या मुलाने पुन्हा काहीतरी विचारलं. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

थोड्या वेळात पहिला माणूस रेषा ओलांडून गेला. चौकटीचा झेंडा फडकला. एकेक करून बाकीचेही पोचले, चिखलात बसले, पाणी पिऊ लागले. शर्यत संपली होती. गोपीनाथ तेवढे लांब ढिगाऱ्यामागून येताना दिसत होते, खांद्यावर सायकल घेऊन. हॅरिस साहेब चिखलाने माखलेले, स्वतः कितवे तरी आलेले, दीप्तीजवळ आले. मनाने चांगला माणूस. तिला म्हणाले, "तुझ्या वडलांना सांग, संपलं. आता थांबायला हरकत नाही. त्यांनी कमाल केली."

दीप्ती म्हणाली, "येस सर."

ती दोरीखालून वाकून पलीकडे गेली आणि येणाऱ्या गोपीनाथांच्या आडवी आली. आमचं मंडळ, गोरे लोक, ती दोन मुलं, सगळे बघत होते. तिने मोठ्याने, अडखळत, पण मराठीत सांगितलं, "पप्पा, एक राउंड राहिला. साहेबांनी सांगितलंय, आता बसून जायचं. चेनचं राहू दे."

मग हॅरिस साहेबांकडे वळून अस्सल इंग्रजीत म्हणाली, "सर, ते म्हणतायत की त्यांना अजून एक फेरा मारायचाच आहे."

तिथे ही दोन्ही वाक्यं समजणारे आम्ही वीस-पंचवीस जण होतो. आमच्या मंडळात एखादी गोष्ट गुप्त राहिल्याचं ऐकिवात नाही. पण त्या वेळी गमऱ्यांसकट कोणी तोंड उघडलं नाही. मला माझ्या मंडळाचा अभिमान वाटल्याचा तो एकमेव प्रसंग.

गोपीनाथांनी तिच्याकडे पाहिलं. मग सायकल खाली ठेवली, पँटचं रबर वर सरकवलं आणि बसले. आणि गेले. खाऱ्या पाण्यात सरळ घुसले. चिखलात चाक रुतलं, पडले, उठले, पुन्हा बसले. वाळूत हँडल वेडंवाकडं होत होतं, डायनमो लोंबकळत होता, मडगार्डमध्ये चिखल भरून घर्रघर्र आवाज येत होता. वाट अडवायला कोणी नव्हतं आणि द्यायलाही कोणी नव्हतं. अख्ख्या मैदानावर एकटा माणूस घंटी वाजवत चालला होता. दीप्ती रेषेवर उभी राहून "पप्पा, चला, चला" ओरडत होती. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. माझेही भरून आले, खोटं कशाला बोलू?

ते रेषेवर पोचले तेव्हा हॅरिस साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. गोपीनाथ शेवटून पहिले आले. पेपरात तीन ओळी आल्या, त्यात त्यांचं नाव नव्हतं आणि फोटो दुसऱ्याचाच होता. मंडळाच्या पुढच्या बैठकीत गमऱ्यांनी सांगितलं की सत्कार आधीच झालेला असल्यामुळे निकालावर चर्चेची गरज नाही. तेही एकमताने मंजूर झालं.

शुक्रवारची उरलेली दुपार गोपीनाथांनी सायकल गोड्या पाण्याने धुण्यात घालवली. उपयोग झाला नाही. शनिवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे खुबूसच्या भट्टीपाशी उभा होतो. लांबून सकपाळ येताना दिसले. मागचं चाक जाम झालं होतं, म्हणून सायकल पुन्हा खांद्यावर. शाळेच्या पुढे रिपेअरवाल्याचं दुकान आहे, तिथे न्यायची होती. बरोबर दीप्ती चालत होती. दप्तर तिच्या पाठीवर आणि त्यांचा जेवणाचा डबा तिच्या हातात.

कोपरा आला. गोपीनाथ सवयीने थांबले. दीप्ती चार पावलं पुढे गेली आणि मागे वळली.

"पप्पा, काय झालं? चला ना. बेल होईल."

ते चालू लागले. काळी, चिखलाचे डाग राहिलेली, कॅरिअरवाली सायकल खांद्यावर घेऊन कोरोलांच्या रांगेमधून फाटकापर्यंत गेले. फाटकापाशी तीन-चार मुली होत्या. त्या बघत राहिल्या. दीप्तीने त्यांना काहीतरी सांगितलं, वडलांकडे बोट दाखवून. मग डबा त्यांच्या हातात दिला आणि आत गेली.

गोपीनाथ रिपेअरवाल्याकडे जायचं सोडून उलटे माझ्याकडे आले. कोणाला तरी सांगायचं असणार. खांद्यावरची सायकल खाली ठेवायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"पोरगी पुढपर्यंत घेऊन गेली," ते म्हणाले.

"बघितलं मी," मी म्हणालो. "पण भाऊ, काल तुम्हाला त्या शेवटच्या फेऱ्याचं..." पुढे कसं सांगावं ते मला सुचेना. शर्यत संपली होती, तुमच्या मुलीने तुम्हाला उगाच पळवलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"झेंडा मी लांबनंच बघितला होता," गोपीनाथ म्हणाले. "सगळे खाली बसलेले पण दिसले. पण ती सगळ्यांसमोर मराठीत बोलली ना. मग म्हटलं, जाऊया एक राउंड."

तेवढ्यात माझी व्हॅन आली. सायकलसकट ते बाजूला झाले आणि हाताने मला 'तुम्ही आधी' अशी खूण केली.